नकाशा जुळला, वस्ती हरवली!

मुलांनो, आपल्या गावाचा नकाशा कधी काढलाय का? ‘दिशा, प्रमाण, सूची’ हे तीन शब्द आम्ही शिक्षक तुमच्याकडून घोकून घेतो. ते पाठही होतात. पण खराखुरा नकाशा काढायला बसलं की कळतं, पाठांतर कुठवर पुरतं ते!

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि मी चौथीच्या वर्गाला शाळेच्या आजूबाजूचा नकाशा काढायला लावला. आमची शाळा इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या अलीकडं. वर्गाचे तीन गट पाडले. एका गटाकडं पूर्वेचा भाग, दुसऱ्याकडं पश्चिमेचा, तिसऱ्याकडं मधला रस्ता आणि दुकानं. आठ दिवस मुलं पावलं मोजत हिंडली. मग तिन्ही कागद वर्गात फरशीवर शेजारी शेजारी मांडले, आणि असा काही हशा पिकला म्हणता!

पूर्वेच्या गटानं एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास पावलं धरली होती, मधल्या गटानं शंभर. त्यामुळं दोन्ही कागदांवर आलेला शाळेपुढचा रस्ता एकीकडं हातभर, तर दुसरीकडं वीतभर. पूर्वेच्या गटानं नीरा डावा कालवा निळ्या रेघेनं काढला होता. मधल्या गटाकडं मात्र निळा स्केचपेन तेवढा शिल्लक होता, म्हणून त्यांनी डांबरी रस्ताच निळा करून टाकला. कागदाला कागद लावला, तर कालवा सरळ रस्त्याला जाऊन मिळाला. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, “बाई, एसटी कालव्यातनं पोहत निघाली!”

प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर होता बरं का! चुकलं ते एवढंच, की तिघांनी आधी बसून काही ठरवलं नव्हतं. (ठरवायला सांगायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, हे कबूल करते.)

मग फळ्यावर मी एक सूची लिहिली. घर, शाळा, देऊळ, दुकान, दवाखाना, विहीर, झाड, शेत, रस्ता, कालवा. दहा गोष्टी, दहा चिन्हं. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर पावलं. उत्तर दिशा वर. ज्यांचा हात चांगला अशा चौघांना मोठ्या ड्रॉइंग पेपरवर सगळं उतरवायला बसवलं आणि बजावलं, “सूचीत आहे तेच काढायचं. मनानं काही घुसडायचं नाही.” काम झकास झालं. रस्त्याला रस्ता मिळाला, कालव्याला कालवा. नकाशा भिंतीवर लागला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी त्याच्यापुढं बराच वेळ उभी होती. ती दिवाळीनंतर आमच्या वर्गात आलेली. आईवडील ऊसतोडणीला आलेत, शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या आहेत. पश्चिमेच्या गटात असताना तिनं आपल्या हातानं तिथं सात छोटे त्रिकोण काढले होते. कोपी दिसतेच तशी! पण मोठ्या कागदावर त्या जागी नुसतं हिरवं शेत होतं.

“बाई, आम्ही कुठं राहतो यात?” तिनं विचारलं.

मी उतरवणाऱ्या मुलांना बोलावलं. त्यातला एक पटकन म्हणाला, “सूचीत त्रिकोण नव्हता, बाई. तुम्हीच म्हणालात, सूचीत नसलेलं काढायचं नाही.”

खरंच होतं ते. मी गप्प बसले.

त्या रविवारी माझा धाकटा भाऊ घरी आला होता. तो पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. जेवताना त्याला हे सगळं सांगितलं, तर हातातला घास तसाच ठेवून म्हणाला, “ताई, हा तर आमच्या धंद्यातला जुना आजार आहे!” मग बोलता बोलता जी माहिती निघाली, आणि नंतर मी स्वतः शोधून वाचली, ती आज तुमच्यासाठी लिहितेय. आईबाबांनीही वाचायला हरकत नाही. बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत त्यांची बरीच कामं यावर चालतात.

घर बांधायच्या आधी गवंडी नकाशा मागतो, हो की नाही? मोठं सॉफ्टवेअरही तसंच. बँकेच्या एका सॉफ्टवेअरमध्ये लाखो ओळी असतात. त्या लिहायला अनेक माणसं लागतात. म्हणून आधी त्याचं चित्र काढतात. एक चौकोन काढायचा, त्यात लिहायचं ‘खातेदार’. दुसरा चौकोन, ‘खातं’. मध्ये रेघ. रेघेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला ‘अनेक’ अशी खूण. म्हणजे एका माणसाची अनेक खाती असू शकतात, पण एका खात्याचा मालक एकच. अशा चित्राला सॉफ्टवेअरचं मॉडेल म्हणतात. आपण त्याला आराखडा म्हणू. आणि तो काढायचेही प्रोग्राम मिळतात, एका कंपनीचा एक, दुसरीचा दुसरा.

आता आमच्या वर्गासारखीच गंमत बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या चित्रांच्या कितीतरी पद्धती होत्या. अमेरिकेतले ग्रेडी बूच अशा वस्तूसाठी तुटक रेघांचा ढग काढत. हो, चक्क ढग! जेम्स रंबॉ हे दुसरे अमेरिकन गृहस्थ चौकोन काढत. स्वीडनचे इव्हार जेकबसन सॉफ्टवेअर वापरणारा माणूस दाखवायला काड्यांचा माणूस काढत, तुम्ही वहीच्या मागच्या पानावर काढता ना, अगदी तसाच. पुढं हे तिघं रॅशनल नावाच्या एकाच कंपनीत आले आणि त्यांनी मिळून एक सामाईक पद्धत तयार केली. तिचं नाव यूएमएल. ओएमजी नावाची एक संस्था आहे, १९८९ साली स्थापन झालेली. निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रोग्रामांचं एकमेकांशी जमावं म्हणून ती नियम ठरवते. तिनं नोव्हेंबर १९९७ मध्ये यूएमएलला मान्यता दिली. ढग गेले, चौकोन राहिले. काड्यांचा माणूसही राहिला!

झालं, सगळ्यांची सूची एक झाली. प्रश्न मिटला म्हणता? छे! चिन्हं एक झाली, पण प्रत्येक प्रोग्राम ते चित्र आपल्याच पद्धतीनं फाईलमध्ये ठेवायचा. एकाची फाईल दुसऱ्याला उघडायची नाही. म्हणून १९९९ च्या सुमारास ओएमजीनं आराखडा अक्षरांत लिहून ठेवायची एक सामाईक रीत आणली. तिचं नाव एक्सएमआय. चित्र नाही, नुसतं लिखाण. ते कुणीही वाचावं आणि आपल्याकडं पुन्हा चित्र करावं.

हे कसं चालतं ते मी वर्गात करून पाहिलं. तुम्हीही करा, पाच मिनिटांचा खेळ आहे. मी मुलांना सांगितलं, “मी बोलते तसं काढा. चौकोन, नाव शाळा. चौकोन, नाव विहीर. चौकोन, नाव दुकान. शाळेपासून विहिरीपर्यंत रेघ. विहिरीपासून दुकानापर्यंत रेघ.” पाट्या वर करायला सांगितल्या, तर एकीसारखी दुसरी नाही! कुणाची शाळा वर, कुणाची खाली, एकाचं दुकान तर पार कोपऱ्यात. पण रेघा तपासल्या तर सगळ्यांच्या बरोबर. शाळा विहिरीला जोडलेली, विहीर दुकानाला. माझ्या बोलण्यातून कोण कुणाला जोडलंय हे पोचलं. कोण कुठं बसलंय हे पोचलं नाही, कारण ते मी सांगितलंच नव्हतं.

एक्सएमआयचं नेमकं हेच झालं. सुरुवातीला त्यात आराखड्यातला मजकूर जायचा, पण कागदावरची जागा जायची नाही. समजा, कुणी शंभर चौकोनांचं चित्र आठ दिवस बसून नीटनेटकं मांडलं. दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेलं की नावं सगळी हजर, पण चित्र गायब! पुन्हा मांडत बसा. चौकोनांच्या जागाही बरोबर जाव्यात यासाठीचे नियम यायला २००६ साल उजाडलं. त्यात आणखी एक भानगड. एक्सएमआयच्या आवृत्त्या निघत गेल्या, आणि प्रत्येक प्रोग्रामवाल्यानं नियमांचा अर्थ थोडा थोडा आपल्या सोयीनं लावला. मराठी एकच, पण बारामतीची वेगळी आणि मालवणची वेगळी, तसं. आणि ज्या खास खुणा एखाद्यानं आपल्या गरजेसाठी वाढवलेल्या असत, त्या पलीकडचा प्रोग्राम पुष्कळदा सरळ गाळून टाकायचा. त्याच्या सूचीत नाहीत ना! आता आठवले का आमचे सात त्रिकोण?

“एवढ्यानं काय बिघडतं? पुन्हा काढायचं,” असं कुणाला वाटेल. आमच्या वालचंदनगरच्या पोरांना मात्र तसं वाटत नाही. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडालं, तेव्हा आम्ही सगळी शाळा टीव्हीपुढं बसवली होती. त्या अग्निबाणाच्या दोन बाजूंना दोन जाड पांढरे खांब तुम्ही पाहिले असतील. त्यांना एस-२०० म्हणतात. त्यांचं कवच ३.२ मीटर व्यासाचं, आणि ते तीन तुकडे जोडून होतं. असे तुकडे वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात, मुंबईत पवईलाही घडतात, आणि एकत्र येतात थेट श्रीहरिकोट्याला. तिथं जाऊन “आमच्या कागदावर तर बसत होतं” म्हणून चालेल का?

विमानाच्या बाबतीत तसं म्हणायची पाळी खरोखरच आली होती. एअरबस ए-३८० हे दोन मजली, प्रचंड मोठं विमान. त्याचे भाग जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, स्पेन अशा चार देशांत बनत आणि जुळणी फ्रान्समधल्या तुलूझ शहरात होई. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा. वालचंदनगरहून मुंबईला पोचलात तरी त्या संपायच्या नाहीत! आराखडे सगळे कॅटिया नावाच्या प्रोग्राममध्ये काढलेले. पण जर्मनी आणि स्पेनमध्ये त्याची चौथी आवृत्ती, तर फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये पाचवी. दोन्हींमधली माहिती इकडून तिकडं धड जात नव्हती. जर्मनीतल्या हाम्बुर्गहून आलेल्या भागांतल्या तारा तुलूझला जोडायला घेतल्या, तर काही चक्क आखूड पडल्या! नाव एकच, प्रोग्रामही एकच, नुसती आवृत्ती वेगळी. शेकडो कामगार जर्मनीहून तुलूझला जाऊन हातानं तारा ओढत बसले. २००६ साली कंपनीला विमानं उशिरा मिळतील असं पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागलं. पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. तोवर ठरल्या वेळेपेक्षा दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता.

सॉफ्टवेअरची तार आखूड पडली तर डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. मघाचंच बँकेचं चित्र घ्या. ‘एका खात्याचा मालक एकच’ असं त्यात होतं. पण आईबाबांचं जोडखातं असतं ना? समजा, दुसऱ्या एका आराखड्यात ‘एका खात्याचे अनेक मालक’ अशी सोय आहे. हा आराखडा पहिल्यात नेताना एक नाव ठेवायचं आणि एक गाळायचं असा प्रसंग येणार. कुणाचं गाळायचं? बहुतेक दुसरं लिहिलेलं. आणि आपल्याकडं दुसरं नाव बहुधा कुणाचं असतं, ते घरी पासबुक उघडून बघा.

मग यावर उपाय काय? त्यातलं थोडं काम आपल्या पुण्यात झालंय, हे वाचून मला भारी अभिमान वाटला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं १९८१ साली पुण्यात एक संशोधन केंद्र सुरू केलं. पुढं त्याचा पत्ता हडपसरच्या औद्योगिक वसाहतीचा झाला. वालचंदनगरहून भिगवणमार्गे पुण्याला जाताना हडपसर लागतं. कितीदा मी तिथून गेलेय, पण माझं लक्ष आपलं रसवंतीगृहाकडं! तर १९९० च्या दशकापासून तिथल्या मंडळींनी असा घाट घातला, की आराखडा नीट काढायचा आणि त्यावरून प्रोग्रामच्या ओळी यंत्राकडूनच लिहून घ्यायच्या. त्यांच्या या साधनाचं नाव मास्टरक्राफ्ट. तिथले विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी या विषयावर २००३ साली ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात लेखही लिहिला.

आता आराखड्यावरून यंत्रानं काम करायचं, तर एका आराखड्याचा दुसरा आराखडा करायचे नियमही यंत्राला समजतील असे लिहायला हवेत. २००२ साली ओएमजीनं अशा नियमांच्या भाषेसाठी सगळ्यांकडून प्रस्ताव मागवले. प्रस्ताव देणाऱ्यांमध्ये टाटा कन्सल्टन्सीही होती. त्यातून जी भाषा तयार झाली तिचं नाव क्यूव्हीटी, आणि तिची पहिली अधिकृत आवृत्ती २००८ साली निघाली.

तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडली. नियम साधारण असा लिहायचा: ‘डावीकडच्या आराखड्यात खातं असेल आणि त्याला दोन मालक असतील, तर उजवीकडं असं असं असायला हवं.’ एकदा लिहिला की हा नियम दोन तऱ्हांनी वापरता येतो. एक, उजवीकडं तसं नसेल तर तसं करून टाक. दुसरी तऱ्हा म्हणजे हात लावू नकोस, नुसतं तपास आणि काय जुळत नाही ते सांग. मला वाटलं, ही दुसरी तऱ्हा मी वापरायला हवी होती. जुने तीन कागद आणि मोठा कागद शेजारी ठेवून ‘इकडचं प्रत्येक चिन्ह तिकडं आहे का?’ एवढंच विचारायचं होतं. दहा मिनिटांचं काम. पण रस्त्याला रस्ता मिळाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मोठमोठ्या कंपन्यांचंही तेच झालं असणार, कारण २००९ च्या सुमारास ओएमजीमध्ये त्यांनी एक गट केला तो अगदी आपल्या वह्या तपासण्यासारखा! सगळ्यांनी तेच एक चित्र आपापल्या प्रोग्राममध्ये काढायचं, एक्सएमआयमध्ये लिहायचं, आणि फाईल दुसऱ्याला द्यायची. त्यानं ती उघडून काय आलं, काय गळलं ते सांगायचं. शेजाऱ्याची वही लाल पेननं तपासतात ना, तस्संच. यातून प्रोग्रामांमधल्या चुका तर सापडल्याच, पण खुद्द नियमांत कुठं दोन अर्थ निघतात तेही उघडं पडलं.

आम्हीही मग तेच केलं. जुने तीन कागद पुन्हा फरशीवर आले. या वेळी पूर्वेचा कागद पश्चिमेच्या गटानं तपासायचा, पश्चिमेचा मधल्यानं, मधल्याचा पूर्वेच्यानं. मोठ्या नकाशावरून काय काय गळलं होतं, ऐकायचंय? एक हातपंप. दूध डेअरी. पिराचं थडगं. एसटीचा थांबा, तोही! आणि सात कोप्या. मुलांनी सूचीत भर घातली. वर आणखी एक नियम केला, तो त्यांचाच, माझा नाही: ओळखीचं नसलेलं चिन्ह दिसलं तर ते गाळायचं नाही. जसंच्या तसं काढायचं, भोवती गोल करायचा आणि ज्यानं काढलं त्याला विचारायचं.

त्रिकोण त्या मुलीनं स्वतः काढले. सातव्यात एक बारीक ठिपका दिला. ती त्यांची कोपी.

पाडव्याच्या सुमाराला तोडणी संपली. बैलगाड्या भरल्या, कोप्या उठल्या आणि ती गावाकडं गेली. वर्गात मोठा वाद झाला. एक गट म्हणाला, “बाई, आता तिथं कुणी नाही. त्रिकोण खोडायला पाहिजेत, नाहीतर नकाशा खोटा होईल.” दुसरा म्हणाला, “दिवाळीला परत येणार आहेत की!” मी मत दिलं नाही. शेवटी त्रिकोण राहिले, आणि मुलांनी सूचीत त्यांच्यापुढं लिहिलं: ‘कोपी. दिवाळी ते पाडवा.’

ही दिवाळी आता तोंडावर आलीय. नकाशा अजून भिंतीवर आहे. कडा जरा फाटल्यात, चिकटपट्टी लावायची राहिलीय.